रेंज आहे, नेट नाही

मोबाईल फोनच्या पोटातील मोडेम, म्हणजे अंकीय माहितीचे रेडिओलहरींत आणि आलेल्या लहरींचे पुन्हा माहितीत रूपांतर करणारा भाग, फोन वापरणाऱ्याच्या नजरेस कधी पडत नाही. परंतु हाच भाग फोनपासून सुटा होऊन बसच्या डॅशबोर्डमागील पेटीत, विजेच्या स्मार्ट मीटरमध्ये, हवामानकेंद्राच्या खांबावर किंवा एटीएमच्या कपाटात बसवला जातो, तेव्हा त्याच्या सेटिंगचा भार कोणा ना कोणा माणसावर येतो. उत्पादकाने निरनिराळ्या मोबाईल कंपन्यांची सेटिंग फोनमध्ये आधीच भरून ठेवलेली असल्यामुळे नवे सिम घातल्यावर फोन स्वतःच जुळवाजुळव करतो, आणि या सोयीपायीच ‘सिम घातले, रेंज आली, की नेट चालू’ असा समज सर्वत्र रूढ झाला आहे. सुट्या मोडेमच्या बाबतीत हा समज महागात पडतो, कारण रेंज मिळणे आणि नेट चालणे या दोन वेगळ्या वाटाघाटी आहेत, आणि पहिली पार पडली म्हणून दुसरी पार पडतेच असे नाही.

पहिली वाटाघाट नोंदणीची असते. मोडेम परिसरातील टॉवर शोधतो, सिममधील ओळख सादर करतो, आणि सिम व नेटवर्क या दोघांनाच ठाऊक असलेल्या गुप्त किल्लीच्या आधारे ती ओळख खरी ठरली, की नेटवर्क त्याला आपल्या दप्तरी दाखल करून घेते. दुसरी वाटाघाट डेटाची असते. तीत मोडेमने कोणत्या दाराने बाहेर पडायचे, त्याला कोणत्या प्रकारचा पत्ता द्यायचा आणि त्यासाठी त्याच्याकडून वेगळे नाव व पासवर्ड मागायचा की नाही, हे ठरते. शेतातील पंपाला जोडले जाणारे अनेक मोबाईल स्टार्टर साध्या कॉलवर किंवा एसएमएसवर चालतात. त्यांना पहिली वाटाघाट पुरते आणि म्हणून त्यांच्यात सिम घालण्यापलीकडे फारसे काही करावे लागत नाही. त्याच शेतातील विहिरीवर पाण्याची पातळी इंटरनेटवरून कळवणारे यंत्र बसवले, तर ते भरपूर रेंज असूनही मुके राहू शकते, आणि मग दोष टॉवरला दिला जातो.

या वाटाघाटी मोडेमला सांगण्याची जी भाषा आहे, तिचे मूळ मोबाईलपेक्षा जुने आहे. अमेरिकेतील अटलांटा येथील डेनिस हेज यांच्या कंपनीने १९८१ मध्ये टेलिफोनच्या तारेवर सेकंदाला ३०० बिट पाठवणारा ‘स्मार्टमोडेम’ बाजारात आणला, आणि संगणकाने त्याच तारेवरून माहितीही पाठवावी व मोडेमला हुकूमही सोडावेत यासाठी प्रत्येक हुकमाच्या आरंभी ‘एटी’ ही दोन अक्षरे लिहिण्याची पद्धत घातली. ‘एटी’ हे ‘अटेन्शन’ या शब्दाचे संक्षिप्त रूप, म्हणजे कवायतीतील ‘सावधान’! हुकूम देण्याच्या अवस्थेत परत यायचे तर एक सेकंद थांबून तीन अधिक चिन्हे पाठवायची आणि पुन्हा एक सेकंद थांबायचे, असा त्यातील संकेत होता. काही प्रतिस्पर्ध्यांनी ती एका सेकंदाची विश्रांती गाळली, आणि परिणामी कोणी संदेशातच तीन अधिक चिन्हांपुढे फोन ठेवण्याचा हुकूम लिहून पाठवला, तर त्यांच्या मोडेमची जोडणी तुटू लागली. हेज यांची कंपनी १९९० च्या दशकाअखेरीस बुडाली, पण तिची भाषा टिकली. मोबाईल नेटवर्कची मानके ठरवणाऱ्या ‘थ्रीजीपीपी’ या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या २७.००७ क्रमांकाच्या मानकात तीच भाषा विस्तारून नोंदवलेली आहे, आणि आजचे चौथ्या वा पाचव्या पिढीचे मोडेमही ‘एटी’ म्हटल्यावर ‘ओके’ असे उत्तर देतात.

डेटाच्या वाटाघाटीच्या केंद्रस्थानी ‘पीडीपी कॉन्टेक्स्ट’ ही कल्पना आहे. पीडीपी म्हणजे ‘पॅकेट डेटा प्रोटोकॉल’. माहितीची लहान लहान पुडकी करून ती पाठवण्याच्या नियमावलीला हे नाव आहे. ‘कॉन्टेक्स्ट’ या शब्दाला मराठीत ‘संदर्भ’ हा प्रतिशब्द सहज सुचत असला, तरी येथे त्याचा अर्थ भाडेकराराच्या भरलेल्या नमुन्याच्या अधिक जवळ जातो: त्यात एक क्रमांक असतो, पत्त्याचा प्रकार असतो, बाहेर पडण्याच्या दाराचे नाव असते, आणि नेटवर्कने तो मान्य केला म्हणजे मोडेमला राहण्यासाठी एक पत्ता मिळतो. हा नमुना भरण्याचा हुकूम रोमन लिपीत टंकावा लागतो; उच्चारानुसार तो देवनागरीत लिहिला तर एटी+सीजीडीकॉन्ट=१,"आयपीव्ही४व्ही६","बीएसएनएलनेट" असा होईल. एवढ्या एका ओळीत पहिला कॉन्टेक्स्ट, जुन्या व नव्या अशा दोन्ही प्रकारच्या पत्त्यांची मागणी आणि दाराचे नाव हे सगळे आले. एका मोडेममध्ये असे अनेक नमुने एकाच वेळी भरलेले असू शकतात. चौथ्या पिढीच्या नेटवर्कवरून बोलणे जाते तेव्हा त्या बोलण्यासाठीही ‘आयएमएस’ नावाचा वेगळा कॉन्टेक्स्ट पार्श्वभूमीला उघडलेला असतो.

दाराच्या नावाला एपीएन, म्हणजे ‘ॲक्सेस पॉइंट नेम’, असे म्हणतात. ते केवळ एक लेबल आहे असे वाटले, तरी मोबाईल कंपनीच्या आत ते इंटरनेटवरील संकेतस्थळाच्या नावासारखेच वापरले जाते: वापरणाऱ्याने लिहिलेल्या नावाला कंपनीचा व देशाचा क्रमांक असलेली शेपटी जोडली जाते, आणि त्या पूर्ण नावावरून माहिती कोणत्या प्रवेशद्वार-संगणकाकडे न्यायची हे शोधले जाते. म्हणूनच ‘जिओनेट’ हे नाव जिओच्या सिमवर चालते, एअरटेलच्या सिमवर ‘एअरटेलजीपीआरएस डॉट कॉम’ लागते, आणि एखाद्या बँकेने किंवा वीज कंपनीने स्वतःसाठी खाजगी एपीएन घेतला असेल, तर त्या दारातून बाहेर पडलेली माहिती सार्वजनिक इंटरनेटवर न जाता थेट त्या संस्थेच्या जाळ्यात पोहोचते. एक अक्षर चुकले तर दार सापडत नाही. नंबर तोच ठेवून कंपनी बदलणाऱ्यांची येथे हमखास फसगत होते, कारण नंबर सोबत येतो, एपीएन येत नाही.

चुकीच्या एपीएनचा परिणाम मात्र पिढीनुसार बदलतो, आणि हा फरक समजून न घेतल्यामुळे अनेक तंत्रज्ञ भलत्याच ठिकाणी दोष शोधत बसतात. दुसऱ्या व तिसऱ्या पिढीच्या नेटवर्कमध्ये नोंदणी आणि डेटा या पायऱ्या वेगळ्या होत्या. एपीएन चुकला तरी मोडेम नोंदलेला राही, कॉल आणि एसएमएस चालत, फक्त नेट मिळत नसे. चौथ्या पिढीत मात्र नोंदणी होतानाच डेटाची एक मूलभूत वाट उघडण्याची पद्धत आली, त्यामुळे त्या पहिल्या वाटेसाठी चुकीचा एपीएन मागितला गेला तर नोंदणीच नाकारली जाऊ शकते, आणि पाहणाऱ्याला वाटते की रेंजच नाही. काही कंपन्यांचे नेटवर्क उदार असते व चुकीच्या नावाऐवजी सिमला ठरवून दिलेले दार आपणहून उघडते. ही उदारता तशी उपकारक नव्हे, कारण चूक झाकली जाते आणि पुढे सिम बदलल्यावर ती अचानक वर येते. नकार देताना नेटवर्क कारणाचा क्रमांकही कळवते: २७ म्हणजे एपीएन अज्ञात किंवा गहाळ, २९ म्हणजे नाव-पासवर्ड अमान्य, ३३ म्हणजे मागितलेली सेवा सिमच्या योजनेत नाही. हे क्रमांक मोडेमच्या नोंदवहीत उमटतात; ते वाचण्याची तसदी क्वचितच घेतली जाते.

त्याच यादीतील ५० आणि ५१ हे क्रमांक पत्त्याच्या प्रकाराविषयी आहेत, आणि या विषयातील सर्वांत रोचक गुंतागुंत तेथेच आहे. इंटरनेटवरील जुनी पत्तापद्धती, म्हणजे आयपीची चौथी आवृत्ती, सप्टेंबर १९८१ मध्ये निश्चित झाली. तिच्यातील पत्ता ३२ बिटांचा असल्यामुळे एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी भरतात, आणि जगाच्या मध्यवर्ती साठ्यातील त्यांचे शेवटचे गठ्ठे ३ फेब्रुवारी २०११ रोजी वाटून संपले. भारतात स्वस्त मोबाईल डेटाचा पूर आला तो त्यानंतर. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओने चौथ्या पिढीपासूनच सुरुवात केली, तेव्हा कोट्यवधी ग्राहकांना पुरतील एवढे जुने पत्ते कोणालाही मिळणे शक्य नव्हते. १२८ बिटांच्या पत्त्याची सहावी आवृत्ती हाच व्यवहार्य मार्ग होता, आणि त्यामुळे या आवृत्तीच्या वापरात भारत आज जगातील आघाडीच्या देशांत गणला जातो.

मोडेमच्या सेटिंगमध्ये पत्त्याच्या प्रकारासाठी ‘आयपी’, ‘आयपीव्ही६’ आणि ‘आयपीव्ही४व्ही६’ हे तीन पर्याय दिसतात. यातील ‘आयपी’ हा शब्द फसवा आहे, कारण त्याचा अर्थ ‘कोणताही आयपी’ असा नसून ‘फक्त चौथी आवृत्ती’ असा आहे. मानक लिहिले गेले तेव्हा व्यवहारात एकच आवृत्ती होती, म्हणून तिला क्रमांक देण्याची गरज भासली नाही, आणि ते नाव तसेच राहिले. तिसऱ्या पर्यायाने दोन्ही प्रकारचे पत्ते एकाच कॉन्टेक्स्टमध्ये मागता येतात. नेटवर्क त्यांपैकी एकच देणार असेल तर ५० म्हणजे ‘फक्त चौथी’ किंवा ५१ म्हणजे ‘फक्त सहावी’ असे उत्तर देते, आणि शहाणा मोडेम मिळेल तो पत्ता घेऊन पुढे जातो. नव्या उपकरणासाठी हाच पर्याय निवडणे सर्वसाधारणपणे योग्य ठरते. हीच निवड अँड्रॉइड फोनमध्ये ‘एपीएन प्रोटोकॉल’ या नावाने दडलेली असते, आणि तिच्याखाली ‘एपीएन रोमिंग प्रोटोकॉल’ असा निराळा रकाना असतो. परदेशी कंपनीशी झालेल्या रोमिंग कराराची तांत्रिक तयारी देशातल्यासारखीच असेल असे नसल्यामुळे, दुबईत किंवा लंडनमध्ये उतरल्यावर रेंज दिसूनही नेट न चालणाऱ्या फोनमध्ये हा रकाना पाहण्यासारखा असतो.

ज्या नेटवर्कवर फक्त सहाव्या आवृत्तीचा पत्ता मिळतो, तेथे जुन्या पद्धतीच्या संकेतस्थळांशी बोलण्यासाठी दुभाष्या लागतो. तो दोन प्रकारांनी काम करतो. कंपनीचा संगणक नावाचे पत्त्यात रूपांतर करतानाच नव्या साच्यातील कृत्रिम पत्ता देतो आणि वाटेत त्याचे भाषांतर करतो. परंतु उपकरणाच्या प्रोग्रॅममध्ये नावाऐवजी चार आकड्यांचा जुना पत्ताच थेट लिहिलेला असेल, तर विचारण्यासारखे नावच उरत नाही आणि ही युक्ती निष्फळ होते. अशा वेळी भाषांतराचा एक तुकडा उपकरणातही असावा लागतो, आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेली ‘४६४ एक्सलॅट’ ही पद्धत तेच करते. अँड्रॉइड फोनमध्ये ती असते. स्वस्त औद्योगिक मोडेममध्ये ती गृहीत धरता येत नाही. प्रवासी वाहनांतील यंत्रे हे याचे एक उदाहरण. पुण्याच्या ऑटोमोटिव्ह रिसर्च असोसिएशन ऑफ इंडियाने प्रसिद्ध केलेल्या ‘एआयएस १४०’ या मानकानुसार १ जानेवारी २०१९ पासून नव्या सार्वजनिक प्रवासी वाहनांत (रिक्षा वगळून) स्थानदर्शक यंत्र आणि संकटसमयीचे बटण आवश्यक झाले, आणि त्या यंत्राने नियामक यंत्रणा व आपत्कालीन मदत यंत्रणा अशा किमान दोन आयपी पत्त्यांवर माहिती पाठवावी अशी त्यात अपेक्षा आहे. आकडी पत्ता थेट लिहिण्याची सवय अशा उपकरणांत सर्रास आढळते, आणि म्हणून त्यांच्या सिमला कोणत्या आवृत्तीचा पत्ता मिळतो हा प्रश्न तेथे दुय्यम राहत नाही.

चौथ्या आवृत्तीचा पत्ता मिळाला तरी तो बहुधा खाजगी असतो. पत्ते अपुरे असल्यामुळे मोबाईल कंपनी एकाच सार्वजनिक पत्त्यामागे असंख्य ग्राहक उभे करते आणि कोणाचे उत्तर कोणाकडे जायचे याची तात्पुरती नोंद ठेवते. वाड्याला घरनंबर एक, बिऱ्हाडे अनेक आणि पोस्टमनला आतले कोणी ठाऊक नाही, तसा हा प्रकार असतो. याचे दोन परिणाम होतात. बाहेरून त्या मोडेमला हाक मारता येत नाही, म्हणून घराबाहेरून कॅमेरा पाहू इच्छिणारा मनुष्य राउटरवर ‘पोर्ट फॉरवर्डिंग’ कितीही नेमके भरले तरी व्यर्थ खटपट करतो. अशा ठिकाणी उपकरणानेच बाहेरच्या सर्व्हरशी आधी संपर्क साधून ठेवावा लागतो, किंवा सार्वजनिक स्थिर पत्ता अथवा खाजगी एपीएन विकत घ्यावा लागतो. दुसरे म्हणजे, बराच वेळ काही हालचाल झाली नाही तर कंपनी ती तात्पुरती नोंद पुसून टाकते आणि हे मोडेमला कळवत नाही. दोन्ही बाजूंना वाट उघडी आहे असे वाटत राहते, प्रत्यक्षात ती केव्हाच मिटलेली असते.

यावर ‘कीप-अलाइव्ह’ हा उपाय आहे: ठराविक अंतराने एक अगदी लहान संदेश पाठवून नोंद जिवंत ठेवायची. हे अंतर किती ठेवावे याचा हिशेब मांडून पाहण्याजोगा आहे. उपकरणांमधील संदेशवहनासाठी प्रचलित असलेल्या ‘एमक्यूटीटी’ या प्रोटोकॉलमध्ये असा संदेश केवळ २ बाइटचा असतो, पण त्यावर वाहतुकीची वेष्टने ४० बाइटची चढतात. जाणारा संदेश ४२, येणारे उत्तर ४२ आणि त्याची पोच ४० असे मिळून एका फेरीला १२४ बाइट लागतात. दर ३० सेकंदांनी हे केले तर दिवसाला २,८८० फेऱ्या आणि तीस दिवसांत सुमारे १०.७ एमबी खर्च होतात. पाच मिनिटांचे अंतर ठेवले तर तेच काम जेमतेम १ एमबीत होते. महिन्याला काही एमबीचीच योजना असलेल्या यंत्रांच्या सिमवर हा फरक रिचार्ज पुरण्या-न पुरण्याचा ठरतो, आणि बॅटरीवर चालणाऱ्या यंत्रात तर प्रत्येक फेरीसाठी रेडिओ जागा होत असल्याने डेटाआधी बॅटरीच संपते.

पुडक्याच्या कमाल आकाराचे, म्हणजे एमटीयूचे, सेटिंग यापेक्षा साधे असले तरी त्याची चूक ओळखणे अवघड असते. घरातील तारेच्या जाळ्यात हा आकार १,५०० बाइट असतो, परंतु मोबाईल कंपनीच्या आत प्रत्येक पुडके आणखी एका वेष्टनात गुंडाळून नेले जाते व त्या वेष्टनालाही जागा लागते, म्हणून थ्रीजीपीपीच्या मानकात १,३५८ हा आकडा सुचवलेला आहे. आकडा मोठा राहिला आणि वाटेतील एखाद्या संगणकाने ‘पुडके मोठे आहे’ हा इशाराही अडवला, तर लहान संदेश व्यवस्थित जातात, पण मोठी फाइल किंवा सुरक्षित संकेतस्थळ अर्ध्यावर अडकते. अशा वेळी आकडा १,४०० च्या खाली आणून पाहावा. सहाव्या आवृत्तीसाठी मात्र तो १,२८० पेक्षा कमी चालत नाही.

मोडेम आणि त्याला जोडलेला संगणक यांच्यातील दुव्यालाही प्रोटोकॉल असतो. यूएसबी डोंगलच्या काळात अनेकांनी ‘तारा ९९ हॅश’ हा नंबर डायल-अपच्या खिडकीत भरलेला असेल. तो कोणाचाही फोन नंबर नव्हता, जुन्या टेलिफोनी प्रोग्रॅमचे समाधान व्हावे म्हणून ठेवलेला तो एक संकेत होता, आणि त्यामागे ‘पीपीपी’ हा तारेवरच्या काळातील प्रोटोकॉल काम करीत असे. आता ‘क्यूएमआय’ किंवा ‘एमबीआयएम’ यांसारख्या वेगवान पद्धतींनी त्याची जागा बव्हंशी घेतली असली, तरी लहान मायक्रोकंट्रोलरवर पीपीपी अजून टिकून आहे.

दोष शोधताना या सगळ्या थरांचा क्रम मोडू नये. प्रथम सिम तयार आहे का, हे विचारावे. नंतर लहरींची ताकद पाहावी, जी मोडेम ० ते ३१ या मापात सांगतो आणि ९९ म्हणजे ‘माहीत नाही’ असे समजायचे असते, सर्वोत्तम नव्हे. मग नोंदणी पाहावी, जिथे १ म्हणजे स्वतःच्या नेटवर्कवर, ५ म्हणजे रोमिंगवर आणि ३ म्हणजे नाकारलेले. त्यानंतर पत्ता मिळाला का, आणि शेवटी नावाचे पत्त्यात रूपांतर होते का. बहुतेक लोक शेवटच्या पायरीपासून आरंभ करतात. सेटिंग बदलल्यानंतर मोडेमचा रेडिओ बंद करून पुन्हा चालू करणेही आवश्यक असते, कारण आधीच उघडलेली वाट जुन्याच कराराने चालत राहते. शिवाय काही मोडेम भरलेला नमुना कायमचा जपतात, तर काही वीज गेल्याबरोबर विसरतात, आणि ज्या भागात भारनियमन होते तेथे दुसऱ्या प्रकारच्या मोडेमला प्रत्येक वेळी सेटिंग नव्याने सांगणारा प्रोग्रॅम सोबत असावाच लागतो.

अशी यंत्रे बसवणारा तंत्रज्ञ आणि ती दोन-तीन वर्षांनी उघडणारा तंत्रज्ञ क्वचितच एक असतो. म्हणून पेटीच्या दाराच्या आतील बाजूस एपीएन, पत्त्याचा प्रकार, कॉन्टेक्स्टचा क्रमांक, एमटीयू आणि कीप-अलाइव्हचे अंतर या पाच गोष्टी तारखेसह लिहिलेला कागद चिकटवून ठेवावा. पासवर्ड मात्र त्यावर लिहू नये.